सातबारा फॉर्मच्या कोणत्या रकान्यात लिहायचा?

परदेशी व्हिसा नाकारल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन फळ्या ठरलेल्या. पहिली म्हणते, हा देशाचा अपमान आहे. गोऱ्यांना आपला पैसा हवा, आपली माणसं नकोत. दुसरी म्हणते, ज्याचं घर त्याची मर्जी. कागद नीट लावा नाहीतर घरी बसा, आणि आधी आपले किती जण तिकडे जाऊन लपून राहतात ते मोजा. एकाच व्हिसावर युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरू देणारा तो शेंगेन व्हिसा; त्याचे २०२४ सालचे आकडे बाहेर आले तेव्हाही हेच झालं. भारतातून सुमारे ११ लाख अर्ज गेले, त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले, आणि नाकारलेल्या अर्जाची फी परत मिळत नसल्याने शंभर कोटींच्या वर रुपये गेले ते गेलेच. एवढ्यावर वरूडपासून वणीपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत कितीतरी दिवस राळ उडत होती. मी दोन्ही बाजूंचं वाचलं. ज्याचा अर्ज परत आला त्यानं नेमके कोणते कागद लावले होते, आणि ते समोरच्यानं कसे वाचले, हे विचारणारा मात्र एकही भेटला नाही.

माझं म्हणणं असं आहे. परक्या देशानं कोणाला दारात घ्यावं हे ठरवायचा त्याचा हक्क मला पूर्ण मान्य. पण नव्वद दिवसांच्या पाहुण्याला पारखण्याची आजची रीत माणसाचा पगार मोजते, त्याची मुळं मोजत नाही. त्यामुळे ज्याला गावी परत आल्यावाचून गत्यंतरच नाही, तो कोरडवाहू किंवा बागायती कास्तकारच या चाळणीतून पहिला गळतो. यामागं द्वेष असेलच असं मला वाटत नाही. त्यांना आपले कागद वाचता येत नाहीत, आणि ते वाचता न येण्यात निम्मा वाटा आपल्याच कचेऱ्यांचा आणि आपल्याच सवयींचा आहे.

पहिल्या फळीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मनाला लवकर पटतो. २०२४ मध्ये साऱ्या जगातून आलेल्या शेंगेन अर्जांपैकी जवळपास १५ टक्के नाकारले गेले आणि भारतीयांचं प्रमाणही तेवढंच होतं. बांगलादेश आणि पाकिस्तानच्या अर्जदारांचे निम्म्याच्या आसपास अर्ज परत आले. म्हणजे भारताचा पासपोर्ट पाहिला की कोणी खुन्नस काढतं, हे आकड्यांत तरी दिसत नाही. शिवाय आपलं सरकार तरी पाहुण्यांशी कुठं एवढं मोकळं वागत आलंय? पाकिस्तानातून बहिणीला भेटायला येणाऱ्या माणसाला कोणकोणत्या शहरांत जाणार ते आधी लिहून द्यावं लागे, पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागे. त्यामुळे अपमानाची भाषा मला पोकळ वाटते. पण या १५ टक्क्यांत आहे कोण? हे आकडे वकिलातीनिहाय निघतात. मुंबईच्या वकिलातीत आलेला अर्ज बांद्र्याच्या सीएचा होता की बाभूळगावच्या कास्तकाराचा, हे त्यात कळत नाही. दोघांना एकच टक्केवारी लागू असेल असं मानायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण कागदांच्या यादीतच आहे.

ती यादी एकदा शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचून पाहा. गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट. आयकर विवरणपत्रं. पगाराच्या स्लिपा. मालकानं रजा मंजूर केल्याचं पत्र. जाण्यायेण्याचं तिकीट, राहण्याची सोय, किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा. यातला विमा आणि तिकीट पैसे टाकले की मिळतात. बाकीचा प्रत्येक कागद नोकरदाराच्या आयुष्यातून आपोआप गळून पडतो आणि शेतकऱ्याच्या आयुष्यात जन्माला येत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यानं शेतीचं उत्पन्न करमुक्त ठेवलं, त्यामुळे दहा एकर संत्रा असलेल्या माणसाकडेही आयटीआर नसतो. ही सवलत योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, तो इथं नको. इथं एवढंच की कायद्यानं ज्याला विवरणपत्र भरायला लावलं नाही, त्याच्याकडे विवरणपत्र नाही म्हणून संशय घेतला जातो. आणि रजा? रजा त्याला कोण मंजूर करणार, पाऊस?

खरी गंमत बँक स्टेटमेंटची आहे. पगारदाराच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला तोच आकडा येतो. वाचणाऱ्याला पाच सेकंदांत माणूस कळतो. आता कपाशीवाल्याचं खातं पाहा. जून ते दिवाळी ते फक्त आटत जातं, कारण बियाणं, खत, फवारणी, निंदण, डवरणी सगळं त्याच काळात. मग वेचणी सुरू होते आणि सीसीआयला (हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला) किंवा जिनिंगवाल्याला कापूस घातला की दोन-तीन मोठ्या रकमा एकदम पडतात. संत्र्याचं तर याहून अवघड. आंबिया बहाराचा अख्खा बगीचा व्यापारी झाडावरच एकरकमी घेतो, थोडा इसार आधी देतो आणि बाकी रक्कम तोड झाल्यावर, ती कधी खात्यात, कधी रोख. परदेशी अधिकाऱ्याला शिकवलेलं असतं की अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर ती उसनी आणून ठेवलेली असू शकते. शिकवण चुकीची नाही, तसे लोक असतात. पण त्या नियमानं वाचलं तर विदर्भातलं प्रत्येक खरं शेतीखातं खोटं ठरतं.

आणि मार्च महिना तर विचारूच नका. पीककर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज माफ होतं; आपल्याच पापळच्या पंजाबराव देशमुखांच्या नावानं राज्याची ती योजना आहे. ही सवलत हातची जाऊ नये म्हणून मार्चअखेर गावोगाव कर्जाचं नवं-जुनं चालतं. कोणी मेहुण्याकडून, कोणी सावकाराकडून दोन-अडीच लाख उचलतो, खात्यात भरतो, कर्ज शून्यावर आणतो, आणि नवं कर्ज मंजूर झालं की उचललेले पैसे परत करतो. बँकेचा मॅनेजर हे जाणतो, जिल्हाधिकारी जाणतात, विधानसभेत त्यावर भाषणं होतात. पण तेच स्टेटमेंट मुंबईतल्या टेबलावर गेलं की त्यात दिसतं ते एवढंच : कुठून तरी रक्कम आली, काही दिवस थांबली, निघून गेली. यापेक्षा संशयास्पद खातं रचायचं म्हटलं तरी रचता येणार नाही.

मोर्शी तालुक्यातल्या एका जोडप्याचं प्रकरण मला जवळून माहीत आहे. मुलगी युरोपात नोकरीला, पहिलं बाळंतपण, आईनं यावं म्हणून तिनं निमंत्रणपत्र पाठवलं, राहण्याची हमी दिली, सगळा खर्च स्वतः करते म्हणून लिहून दिलं. अर्ज परत आला. छापील फॉर्मवर एका चौकोनात फुली होती : व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी आपण परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. बाईंच्या यजमानांनी तो कागद मुलाकडून वाचून घेतला आणि म्हणाले, “मी तिथं राहून करू काय? वावर कोन पाह्यते, ढोरं कोन पाह्यते?” या दोन वाक्यांत परत येण्याचा जेवढा पुरावा आहे तेवढा कोणत्याही पगाराच्या स्लिपेत नाही. ज्याच्या हातात लॅपटॉप आहे तो उद्या म्युनिकमध्ये राहूनही तेच काम करू शकतो. ज्याच्या नावावर सहा एकर संत्रा आहे, त्याला मृगाचं पाणी सोडायला यावंच लागतं. सालगड्याच्या भरवशावर किती दिवस सोडणार? तरी फॉर्म मानतो की पहिला बांधलेला आहे आणि दुसरा मोकळा.

आता दुसरी फळी. त्यांचे मुद्दे जास्त वजनदार आहेत आणि ते टाळून पुढं जाणं बरोबर नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्राचेही तिघं होते. सर्बियात भारतीयांना व्हिसाशिवाय जाता येत असे. तिथून पुढं युरोपात घुसण्याचे प्रकार वाढले आणि युरोपीय संघाचा दबाव आला, तेव्हा १ जानेवारी २०२३ पासून सर्बियानं ती सवलत बंद केली. खोटी स्टेटमेंटं, खोटी नोकरीपत्रं करून देणारे एजंट आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही आहेत आणि त्यांचे बोर्ड सगळ्यांना दिसतात. ज्या देशाला पाहुणा आल्यावर हुडकून काढायला महिने लागतात तो दारातच कडक होणार, यात वावगं काय? काहीच नाही.

पण या कडकपणानं अडतं कोण, ते पाहू. त्या विमानातले अनेक जण पाहुण्याच्या व्हिसावर गेलेलेच नव्हते, जंगलं आणि सीमा तुडवत गेले होते. आणि जो एजंटाच्या हातानं व्हिसा मिळवतो तो काय लावतो? नेमकं तेच, जे यादी मागते. दर महिन्याला सारखी रक्कम, नीटनेटकी नोकरी, रजेचं पत्र, सरळ रेषेतलं स्टेटमेंट. खोटं करायचंच असेल तर माणूस वाकडं कशाला करील? ही चाळणी सरळपणा शोधते, आणि सरळपणा विकत मिळतो. प्रामाणिक शेतकऱ्याचं खातं वाकडं असतं कारण पाऊस, भाव आणि बोंडअळी वाकड्या असतात. म्हणजे ज्या फसवणुकीसाठी ही पद्धत उभी केली, तिलाच ती जास्त अनुकूल आहे. दुसऱ्या फळीतल्या मित्रांनी याचं उत्तर द्यावं. “कागद नीट लावा” हे याचं उत्तर होत नाही, कारण नीट कागद लावण्याचा सर्वांत सोपा मार्ग खोटा कागद हाच आहे.

यावर कोणी म्हणेल, अधिकाऱ्याकडे प्रत्येक अर्जाला मोजकी मिनिटं असतात, तो काय मोर्शीला येऊन झाडं मोजणार? त्याची गरजच नाही. महाराष्ट्राचा डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, त्यावर पडताळणी क्रमांक असतो, आणि तो क्रमांक टाकून जगात कुठंही बसून खरा-खोटा पाहता येतो. कोण्या खासगी कंपनीच्या लेटरहेडवरच्या पगारपत्राला अशी सोय आहे? पडताळायला सोपा आणि माणसाला जमिनीशी बांधणारा असा हा कागद यादीत ‘असल्यास इतर मालमत्ता’ अशा कोपऱ्यात पडून असतो. जमिनीचे कागद जोडलेच पाहिजेत असं कोणी सांगत नाही, आणि जोडले तर ते मराठीत असल्यानं त्यांचं वजन शून्य.

नियम कागदावर सगळ्यांना सारखा असतो, हे मला मान्य. १९०८ साली कॅनडानं केलेला नियमही सारखाच होता. त्यात भारताचं नाव कुठंच नव्हतं. जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून न थांबता, एकाच अखंड प्रवासानं जो येईल त्यालाच उतरू देऊ, एवढंच म्हटलं होतं. भारतातून कॅनडाला थेट जहाजच नव्हतं. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने उभी राहिली आणि बहुतेकांना पाय न टेकवता परत फिरावं लागलं. कॅनडाचा तो नियम मुद्दाम रचलेला होता, आजची यादी मुद्दाम रचलेली नाही, हा फरक मी विसरत नाही. पण ज्याच्याकडे आयटीआर जन्मतःच असू शकत नाही त्याच्याकडे तो मागणं आणि जे जहाज अस्तित्वात नाही त्यानं या म्हणणं, यांत अर्जदाराला काय फरक पडतो?

अमेरिकेचं तर्कशास्त्र याहून उघड आहे आणि मला ते एका अर्थी आवडतं, कारण त्यात आडपडदा नाही. १९५२ च्या त्यांच्या कायद्याच्या २१४(ब) कलमात लिहिलंय की येणारा प्रत्येक परकीय हा कायमचा राहायला येतोय असंच गृहीत धरावं. तसं नाही हे त्यानं अधिकाऱ्याला पटवून द्यावं. पटलं नाही तर अपील नाही, १८५ डॉलर परत नाहीत. योगायोग असा की त्याच १९५२ साली भारतानं गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला. १८७१ च्या त्या कायद्यानं माणूस काय करतो हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याला संशयित ठरवलं होतं. हजेरी लावायची, पासाशिवाय शीव ओलांडायची नाही. आपल्याकडच्या पारध्यांना हा इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नाही. स्वतःच्या मुलखात माणसाला कोंडणं आणि परक्यानं आपलं दार न उघडणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. त्यांना एका तागडीत घालणाऱ्याशी मी भांडेन. पण संशय आधी आणि माणूस नंतर, ही विचाराची रीत तीच आहे. कोणत्या गावच्या, कोणत्या धंद्याच्या माणसानं संशय फेडायचा आणि कोणाला तो आपसूक माफ, हेही तसंच आधी ठरलेलं असतं. त्यात ‘विदर्भ’ हा शब्द इंटरनेटवर टाकला तर पहिल्यांदा काय दिसतं? कर्ज आणि आत्महत्या. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्यानं तेवढंच वाचलं असेल, तर इथला शेतकरी पळून जायला निघालाय असं त्याला वाटलं तर नवल नाही.

मग मागायचं काय? व्हिसा हक्क म्हणून मागता येत नाही. कारण मागता येतं. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं की माणसाचा पासपोर्ट काढून घ्यायचा तर त्याला बाजू मांडू द्यावी लागेल, कार्यपद्धती न्याय्य असावी लागेल. हे भारत सरकारला लागू, परक्याला नाही, हे खरं. पण युरोपनं स्वतःलाही असंच काही बांधून घेतलंय. त्यांच्या न्यायालयानं २०१३ मध्ये एका इराणी नागरिकाच्या खटल्यात म्हटलं की व्हिसा संहितेत दिलेल्या कारणांपलीकडचं कारण काढून व्हिसा नाकारता येत नाही. मात्र त्याच निकालात अधिकाऱ्याला पारख करायला मोठी मोकळीकही दिली. ती मोकळीक म्हणजे ती चौकोनातली फुली. ‘वाजवी शंका’ कशामुळे? मार्चमधल्या रकमेमुळे? आयटीआर नसल्यामुळे? आईच्या नावातल्या फरकामुळे? एक ओळ लिहिली असती तर मोर्शीच्या बाईंनी दुसऱ्या अर्जात तेवढं उत्तर दिलं असतं. ती ओळ नसल्यामुळे दुसरा अर्ज म्हणजे पुन्हा ९० युरो टाकून काढलेली चिठ्ठी.

आणि दाद मागण्याच्या वाटा रुंद होण्याऐवजी बुजत चालल्यात. नातेवाइकांना भेटायला येणाऱ्याचा व्हिसा नाकारला तर ब्रिटनमध्ये अपील करता येत असे; तो हक्क २०१३ मध्ये काढून घेतला. कारण दिलं ते असं की अपिलापेक्षा नवा अर्ज लवकर निकाली निघतो. हे खरंही आहे. पण का नाकारलं ते नीट कळल्याशिवाय केलेला नवा अर्ज लवकर निकाली निघून उपयोग काय? जर्मनीत नाकारलेल्या अर्जावर वकिलातीलाच साधं पत्र लिहून, फी न भरता, फेरविचार मागता येई. १ जुलै २०२५ पासून तेही जगभर बंद. आता दाद मागायची तर बर्लिनच्या न्यायालयात. पांढरकवड्याच्या माणसाला बर्लिनच्या न्यायालयाचा हक्क आहे असं म्हणणं कायद्याच्या पुस्तकात शोभतं.

इथं थोडं मागं जावंसं वाटतं. पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टाशिवाय फिरता येत असे. आज आपण निसर्गनियम समजतो ती व्यवस्था जेमतेम शंभर वर्षांची आहे. १९५५ मध्ये मोझरीचे तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. यावलीत जन्मलेला, खंजिरी वाजवत गावोगाव फिरणारा माणूस. आजच्या फॉर्ममध्ये त्यांच्या नावापुढं काय भरलं असतं? मालकाचं नाव, मासिक उत्पन्न, सहा महिन्यांतली सरासरी शिल्लक? त्यांच्यामागं परिषदेचं निमंत्रण होतं हे मला माहीत आहे, आणि आजही संस्थेच्या पत्रानं दारं उघडतात. मोर्शीच्या बाईंकडेही निमंत्रण होतं, मुलीचं.

आता आपला निम्मा वाटा, कारण तो बाहेरच्यावर ढकलता येत नाही. ज्या शेतकऱ्याच्या खात्यात संत्र्याचे नऊ लाख पडलेत, त्याच्याच घरात तहसीलदाराच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला असतो आणि त्यावर आकडा असतो सत्तर-ऐंशी हजारांचा. शिष्यवृत्तीसाठी, रेशनसाठी, दवाखान्याच्या योजनेसाठी तो काढलेला असतो. तलाठी, तहसीलदार आणि अर्जदार तिघांनाही त्यातला अर्थ ठाऊक असतो. मी त्या माणसाला दोष देणार नाही, कारण ज्या वर्षी बोंडअळीनं धुतलं त्या वर्षी तो आकडाही जास्तच होता. पण ज्या राज्यात उत्पन्न सिद्ध करण्याचा एकमेव सरकारी कागद उत्पन्न कमी दाखवण्यासाठीच निघतो, तिथला माणूस परदेशी अधिकाऱ्याला सुस्थितीचा पुरावा देणार कुठून? सातबाऱ्यावर बापाच्या माघारी वारस नोंद झालेली नसते, सहा भावंडांची नावं एकाच गटात. बाईचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सातबाऱ्यावर नावच नाही. जन्मतारीख गुरुजींनी लिहिलेली, म्हणून अख्ख्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला. आम्हाला यात हसू येतं. कॅमेऱ्यापुढं बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रणेला त्यात लबाडी दिसते.

अंतराचंही तसंच. पासपोर्टासाठी पूर्वी नागपूर गाठावं लागे. २०१७ पासून डाकघरांत पासपोर्ट केंद्रं निघाली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी काम होऊ लागलं. सरकारला माणसाच्या जवळ जाता येतं याचा हा चांगला दाखला आहे. व्हिसाचे ठसे द्यायला मात्र बहुतेकदा मुंबई. समृद्धी महामार्ग झाला, मुंबई जवळ आली म्हणतात. गाडी असलेल्याला आली असेल. साठीच्या नवरा-बायकोनं बडनेऱ्याला रात्री विदर्भ एक्स्प्रेस पकडायची, सकाळी कुठल्याशा टॉवरच्या तळमजल्यावर रांग लावायची, दहा मिनिटांत ठसे देऊन परत फिरायचं. ज्याला जादा पैसे मोजता येतात त्याच्यासाठी काही देशांचे ठसे घ्यायला माणूस घरी येतो. म्हणजे यंत्र उचलून नेता येतं. मग महिन्यातून एकदा ते अमरावतीला का येऊ नये?

या सगळ्या वादात एक तिसरा आवाजही असतो, हळू, बहुतेकदा आपल्याच शहरी नातेवाइकांचा : शेतकऱ्याला परदेश कशाला? याच्याइतका मला कशाचाच राग येत नाही. लेकीच्या बाळंतपणाला आईनं जावं की नाही, हे सातबाऱ्यावर ठरतं का? वरूडच्या बागायतदारानं स्पेनमध्ये लिंबूवर्गीय फळांची छाटणी कशी करतात ते बघू नये? राज्याचं कृषी खातंच शेतकऱ्यांना परदेशी अभ्यासदौऱ्याला पाठवतं, खर्चातला काही भाग उचलतं. म्हणजे गरज सरकारलाही मान्य आहे. गावोगावचे बौद्ध उपासक पै पै साठवून लुंबिनीला जातात, नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसा माफ केल्यावर बँकॉकची विहारंही आवाक्यात आली. तिथं जाऊन आमच्या दर्यापूरचे किती जण हरवले, सांगा बरं?

दिल्ली यात काही करतच नाही असं नाही. युरोपीय संघाशी बोलणी झाली आणि एप्रिल २०२४ पासून भारतीयांना सवलत मिळाली : तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नियमानं वापरले असतील तर दोन वर्षांचा, पुढं पाच वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा. चांगली गोष्ट आहे, आणि कोणासाठी आहे तेही स्वच्छ आहे. ज्याला दोनदा मिळालाय त्याला तिसऱ्यांदा सोपा. ज्याला पहिलाच मिळत नाही त्याच्यासाठी त्या टेबलावर कोणी बोललं नाही, कारण बोलणारे सगळे पगारदार, व्यापारी आणि विद्यार्थ्यांच्या वतीनं गेलेले. शेतकरी या देशात मतदार म्हणून मोजला जातो, अनुदानाचा धनी म्हणून मोजला जातो. प्रवासी म्हणून त्याची मोजदाद कोणत्याच मंत्रालयात नाही. पुढच्या बोलणीत डिजिटल सातबारा आणि आठ-अ (जमिनीचा खातेउतारा) हे परत येण्याचे पुरावे म्हणून यादीत नावानिशी यावेत, आणि नकाराच्या फुलीखाली एक ओळ कारण लिहावं, एवढं मागायला काय हरकत आहे? दोन्ही मागण्यांत त्यांची सीमा एक इंचही सैल होत नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर मुंबईच्या मंत्रालयातून होण्यासारखं एक काम आहे. सातबारा, पीकपेरा, गेल्या तीन हंगामांतली विक्री आणि पीककर्जाचं नवं-जुनं या चार गोष्टी एका पानावर, इंग्रजीत, पडताळणी क्रमांकासह देणारा दाखला महसूल खात्यानं काढावा. माहिती सगळी सरकारकडे आहे : जमीन महसूल खात्याकडे, पेरा ई-पीक पाहणीत, हमीभावाची खरेदी सीसीआयकडे, कर्ज जिल्हा बँकेकडे. व्यापाऱ्याला झाडावर विकलेल्या संत्र्याची नोंद तेवढी कुठं नाही. ती करायची म्हटली तर व्यापारीही कुरकुरतील आणि शेतकरीही, कारण मग तहसीलच्या दाखल्यावरचा सत्तर हजारांचा आकडा टिकणार नाही. त्या कुरकुरीला तोंड द्यायची ज्या आमदाराची तयारी असेल त्यानं हा विषय येत्या नागपूर अधिवेशनात काढावा. तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी करायला आदेश निघू शकतो, तर त्या अधिकाऱ्यानं इंग्रजीतला एक दाखला द्यावा यासाठीही निघू शकतो.